धोबीतलाव ते महालक्ष्मी: धुण्याच्या जागेची गोष्ट

मुंबईशी थोडाफार संबंध आलेल्या गोंयकाराला धोबीतलाव म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मेट्रो सिनेमाजवळचा जेर महाल, तिथल्या गावोगावच्या कुडी, सोनापूरचं चर्च, नोकरीच्या शोधात किंवा जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने थांबलेले तारवटी... आपल्या कितीतरी घरांतल्या आजोबा-पणजोबांचा मुंबईतला पहिला पत्ता धोबीतलाव हाच होता. तियात्राचा जन्मही मुंबईतलाच, १८९२ सालचा, आणि त्याचे सुरुवातीचे प्रेक्षक याच वस्तीतले.

पण गंमत पहा. या धोबीतलावात आज तलावही नाही आणि धोबीही नाहीत. एक चौक आहे, सिग्नल आहे, गर्दी आहे. नाव तेवढं राहिलं. एखाद्या जागेचं काम संपलं, वास्तू गेली, तरी नाव मागे राहतं आणि पुढच्या पिढ्या त्याचा अर्थ न विचारता ते उच्चारत राहतात. आज त्या नावाचाच धागा धरून थोडं मागे जाऊ या. विषय तसा साधा वाटेल: माणसं कपडे कुठे धुतात, आणि त्या जागा कुणी, कशा, कुणासाठी बांधल्या. किल्ले, देवळं, चर्च यांच्या स्थापत्यावर आपण पुष्कळ वाचतो. धुण्याच्या जागेलाही स्थापत्य असतं, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

तलाव होते तेव्हाची मुंबई

नळाचं पाणी येण्याआधीची मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. गोवालिया टँक, कावसजी पटेल टँक, दोन टाकी ही नावं अजून बसच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी आहेत. बाणगंगेचं कुंड तेवढं शाबूत आहे, कारण ते तीर्थ. धोबीतलाव हा असाच एक तलाव. तिथे धोबी कपडे धूत, म्हणून हे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी शेटजींनी पदरचा पैसा घालून त्याची पुनर्बांधणी केली, म्हणून कागदोपत्री तो फ्रामजी कावसजींच्या नावाने ओळखला जाऊ लागला. लोकांनी मात्र शेटजींचं नाव बाजूला ठेवून धोब्यांचंच नाव चालवलं. त्यांच्या नावाची इन्स्टिट्यूट पुढे तिथे उभी राहिली, तरी चौकाला कुणी फ्रामजी चौक म्हणत नाही. देणगीदारापेक्षा वापरणाऱ्याचं नाव टिकल्याची अशी उदाहरणं फार थोडी.

मग १८६० साली विहार तलावाचं पाणी नळातून शहरात आलं. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. पाणी घरापर्यंत येऊ लागलं तशी शहरातल्या जुन्या तलावांची गरज कमी होत गेली, आणि रोगराईच्या भीतीने ते एकेक करून बुजवले गेले. १८९६ च्या प्लेगने तर शहराची झोपच उडवली. १८९८ मध्ये इंप्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या पाडल्या गेल्या, रस्ते रुंद झाले. साचलेलं पाणी म्हणजे रोग, हे समीकरण पक्कं झालं.

पण पाणी नळात गेलं म्हणून कपडे मळायचे थांबत नाहीत! तलाव बुजवला की धोब्याने जायचं कुठे? हा प्रश्न एकट्या मुंबईचा नव्हता. त्याच शतकात युरोपातली शहरंही याच प्रश्नाशी झगडत होती. दोन्हीकडे उत्तर म्हणून वास्तू उभ्या राहिल्या. मात्र त्या दोन वास्तूंमधला फरक पाहिला की दोन समाजांमधला फरक लख्ख दिसतो.

लिव्हरपूलची किटी आणि सॉल्टेअरचं धुलाईघर

१८३२ साली लिव्हरपूलमध्ये पटकीची साथ आली. किटी विल्किन्सन नावाची एक गरीब बाई होती. तिच्या स्वयंपाकघरात पाणी उकळायचा बंब होता. आजाऱ्यांचे कपडे आणि अंथरुणं धुवायला तिने शेजारच्या बायकांना आपलं घर मोकळं करून दिलं. उकळतं पाणी आणि क्लोराईड ऑफ लाईम. जंतूंचा सिद्धांत अजून कुणाला ठाऊक नव्हता, पण उकळलेल्या कपड्यांच्या घरात रोग कमी पसरतो हे तिला अनुभवाने कळलं होतं. तिच्या या खटाटोपातून प्रेरणा घेऊन १८४२ मध्ये लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुलाईघर उघडलं. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने त्यासाठी कायदाच केला आणि नगरपालिकांना अशी घरं बांधण्याचा अधिकार दिला. फ्रान्सनेही १८५१ मध्ये कायदा करून अशा बांधकामांना सरकारी मदत देऊ केली.

शहरांत हे चाललं होतं तेव्हा खेड्यांतही एक छोटी पद्धत रूढ होती. जमीनदार आपल्या जमिनीवर राबणाऱ्या कुटुंबांसाठी बैठ्या घरांची रांग बांधत, आणि त्या रांगेत किंवा मागच्या अंगणात सर्वांना मिळून एक धुण्याची खोली असे. तिची रचना अगदी साधी. कोपऱ्यात विटांच्या बांधकामात बसवलेलं तांब्याचं मोठं भांडं, खाली जाळ करायला तोंड, वर धुराडं. जमिनीला उतार, म्हणजे पाणी दाराकडे किंवा गटाराकडे वाहून जावं. जवळ विहीर किंवा हातपंप. प्रत्येक घराला आठवड्यातला एक वार ठरलेला. ज्या बाईचा वार असेल तिने पहाटे उठून जाळ पेटवायचा. सोमवार हा धुण्याचा वार, अशी तिकडची रूढी. तेव्हा सोमवार कुणाला मिळायचा यावरून कुरबुरी होत असतील तर नवल नाही. आपल्याकडे विहिरीवर पाळीवरून भांडणं होतात, तसंच!

या पद्धतीचं भव्य रूप पाहायचं तर यॉर्कशरमधल्या सॉल्टेअरला जायला हवं. सर टायटस सॉल्ट या लोकरगिरणीच्या मालकाने १८५१ पासून आपल्या कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं. दगडी घरांच्या सरळ रांगा, शाळा, प्रार्थनागृह, दवाखाना. लॉकवुड आणि मॉसन या वास्तुविशारदांनी ते आखलं. घरांमधून आडव्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे मालकाच्या डोळ्यांना खुपत, म्हणून १८६३ मध्ये वस्तीच्या मध्ये स्नानगृह आणि धुलाईघर बांधण्यात आलं. वाफेच्या इंजिनावर चालणारी धुलाईयंत्रं, कपडे गरगर फिरवून पाणी काढणारं यंत्र, गरम हवेने कपडे वाळवायची बंदिस्त जागा, घड्या घालायची सोय. बाईने मळके कपडे घेऊन यावं आणि तासाभरात वाळलेले, दाबलेले कपडे घेऊन घरी जावं, अशी योजना.

आणि झालं काय? बायका फारशा फिरकल्याच नाहीत. घराच्या परड्यातच धुणं त्यांना बरं वाटे. आपल्या घरची फाटकी चादर, ठिगळ लावलेली बंडी चारचौघींसमोर कोण उघडी करील? शेवटी तीसेक वर्षांतच ते धुलाईघर बंद पडलं. पुढे इमारतही गेली. सॉल्टेअर २००१ पासून जागतिक वारसास्थळ आहे, गिरणी आहे, घरं आहेत, धुलाईघर तेवढं नाही. मालकाने स्वच्छतेचा विचार केला, यंत्रांचा केला, पैशांचा केला. धुणाऱ्या बाईच्या लाजेचा केला नाही.

महालक्ष्मीचा घाट

आता मुंबईकडे येऊ. महालक्ष्मी स्टेशनवर उतरून पुलावर उभं राहिलं की खाली जे दिसतं ते सर्वांनी निदान सिनेमात तरी पाहिलेलं आहे. ओळीने मांडलेले सिमेंटचे चौकोनी हौद, त्यांतले दगड, त्यांवर आपटले जाणारे कपडे, आणि वर दोऱ्यांवर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या कपड्यांचं आभाळ. १८९० साली हा घाट सुरू झाला. म्हणजे तानसाचं पाणी शहरात यायच्या दोन वर्षं आधी. धुण्याचे दगड सातशेहून अधिक. घाट महापालिकेचा, त्यावर काम करणारी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या तिथली, आणि बरीचशी घाटाला लागून असलेल्या खोल्यांतच राहणारी. युरोपात कामगारांच्या घरांमध्ये धुलाईघर बांधलं. इथे धुलाईघराभोवती कामगारांची घरं आली.

या घाटाकडे पर्यटक एक 'दृश्य' म्हणून पाहतात आणि फोटो काढून जातात. पण एकदा तो वास्तू म्हणून नीट पहा. प्रत्येक घटकात तीन गोष्टी आहेत. पाणी साठवायचा हौद. उभं राहायची जागा, जिथे धोबी पोटरीभर पाण्यात उभा असतो. आणि समोर थोडा तिरका बसवलेला दगड. या तिन्हींचं एकमेकांपासूनचं अंतर माणसाच्या शरीरावरून ठरलेलं आहे. पिळा करून डोक्यावरून फिरवलेला कपडा दगडावर आपटायला हात किती लांब जातो, वाकल्यावर कंबर कुठे येते, बाजूच्या माणसाला फटका लागू नये म्हणून मध्ये किती भिंत हवी... दगडाचा उतारही असाच, की मळकं पाणी पुढे वाहून जावं, पुन्हा हौदात येऊ नये. ओळींमधून गटार आणि चालायची वाट. वर छप्पर नाही, कारण छप्पर असतं तर हात उंचावता आला नसता आणि ऊनही आलं नसतं. वाळवण्यासाठी चिमटे लागत नाहीत. दोन दोऱ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि त्या पिळात कपड्याचं टोक खोवलं की वारा आला तरी कपडा हलत नाही. यंत्र नाही, पण प्रत्येक गोष्टीमागे विचार आहे, आणि तो विचार कागदावर आखणाऱ्याचा कमी, राबणाऱ्याचा जास्त.

कामाची साखळीही जागेत उतरलेली आहे. कपडे येतात, त्यांवर न पुसणाऱ्या शाईने खूण पडते, मग भिजवणं, सोडा, आपटणं, भट्टीत उकळणं, नीळ, कांजी, वाळवणं, इस्तरी, आणि परत. शेकडो घरांचे, हॉटेलांचे, इस्पितळांचे कपडे एकत्र होतात आणि तरीही ज्याचे त्याला परत जातात. ती धोबीखूण वाचणारे डोळे हेच तिथलं रजिस्टर. आम्ही कारकून मंडळी आवक-जावक नोंदवहीत क्रमांक घालतो तरी फाईल सापडत नाही. इथे वहीशिवाय सदरा सापडतो!

फरक कशाचा?

आता मुद्द्यावर येतो. लिव्हरपूल आणि मुंबई, दोन्ही बंदरं. दोन्हीकडे गिरण्यांशी बांधलेलं नशीब, दोन्हीकडे दाटी, पटकी, साथी. राज्यही एकाच सरकारचं. असं असून तिकडे धुलाईघर बांधलं ते गृहिणीसाठी, आणि इकडे बांधलं ते धोब्यासाठी. का?

सोपं उत्तर असं की इथे आधीच धोबी होते. परीट, वरठी, मडवळ, धोबी... नावं वेगवेगळी. नागपूरच्या उत्तरेला सौंसर-पांढुर्णा भागात, मोहगावसारख्या मध्य प्रदेशातल्या पण मराठी बोलणाऱ्या गावांपर्यंत गेलात तर परटाला वरठी म्हणतात. आपल्याकडे मडवळ म्हणतात. गावगाड्यात परीट हा बलुतेदार. गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला धान्य घ्यायचं. लग्नात पायघड्या अंथरण्याचा मान त्याचा, पण पंक्तीत जागा शेवटची. विटाळाचे, सुतकाचे, बाळंतिणीचे कपडे त्याच्याकडे. म्हणजे मळ धुण्याचं काम म्हणून गरजेचा, आणि मळाला हात लावतो म्हणून खालचा. समाजाला स्वच्छ ठेवणाऱ्याला समाजाने अस्वच्छ ठरवावं, हा उलटा न्याय आपल्याकडे जुनाच आहे.

इंग्रजांनी ही रचना मोडली नाही, तिला सिमेंटचा साचा दिला. आपल्या देशातल्या जुन्या नगरपालिका कायद्यांमध्ये धोब्यांविषयी कलमं आढळतात. त्यांचा आशय साधारण असा, की धंद्याने धोबी असलेल्या माणसाने नेमून दिलेल्या जागीच कपडे धुवावेत. स्वतःच्या घरचे कपडे धुणाऱ्याला मात्र ही बंदी नाही. कायद्याची भाषा वाचायची सवय असलेल्याला यात एक गोष्ट चटकन दिसते. लिव्हरपूलचा कायदा जागा 'उपलब्ध करून देतो', इकडचा कायदा जागा 'नेमून देतो'. तिथे हक्क, इथे हद्द. वास्तू मात्र दोन्हीकडे जवळजवळ तीच: पाणी, हौद, उतार, गटार.

आणि मुंबईतल्या गृहिणीचं काय? तिच्यासाठी मोरी होती. गिरणगावातल्या चाळी आठवा. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बांधलेल्या बीडीडी चाळी घ्या. २०७ इमारती, तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. कामगारांना राहायला सरकारने बांधलेली एवढी मोठी वसाहत तोवर मुंबईत झाली नव्हती. पण सॉल्टेअरसारखं किंवा लिव्हरपूलसारखं धुलाईघर त्यात नाही. चाळीतलं धुणं म्हणजे सामायिक नळ आणि मोरीचा कोपरा. तीन-चार फुटांचा चौकोन, बोटभर उंचीचा कठडा, एक भोक, एक दगड. त्यातच अंघोळ, त्यातच भांडी, त्यातच कपडे. नळाची वेळ सांभाळत, पाळी लावत, गिरणीत गेलेल्या माणसाचा तेलकट सदरा तिथे घासला गेला. धोब्याकडे कपडे टाकणं परवडणारा वर्ग वेगळा होता. महालक्ष्मीच्या घाटापासून डिलाईल रोडच्या चाळी फार लांब नाहीत, पण चाळीतल्या बाईचे कपडे काही घाटावर जात नव्हते.

या बीडीडी चाळींच्या जागी आता उंच इमारती येत आहेत. वरळीतल्या पहिल्या काही शे कुटुंबांना २०२५ साली नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नव्या घरात धुलाईयंत्राला जागा आहे. मोरीसाठी कुणी रडणार नाही, आणि रडूही नये. पण ती होती, आणि तिच्यात कुणाची कंबर वाकली, हे लिहून ठेवायला हवं.

मायनातचा प्रवास

आता आपल्या घरी, गोव्यात. पोर्तुगीज भाषेत धोब्यासाठी 'मायनातो' असा शब्द आहे. तो पोर्तुगालमधून आलेला नाही. तो दक्षिण भारतातला, मलबारकडचा. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसाने मलबारातल्या जातींचं वर्णन केलं, त्यात राजाचे, ब्राह्मणांचे आणि नायरांचे कपडे धुणाऱ्या या लोकांचा उल्लेख आहे. पोर्तुगिजांनी तो शब्द उचलला आणि आपल्या साम्राज्यभर फिरवला. मोझांबिकमध्ये घरात कपडे धुणाऱ्या-इस्तरी करणाऱ्या नोकराला मायनातो म्हणू लागले. मसाल्यांचा व्यापार किती दूर गेला हे आपण शाळेत शिकतो. एका धोब्याच्या जातीचं नाव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेलं, हे शिकवत नाहीत.

जुन्या गोव्यात पाणी विकत घेतलं जाई. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे राहिलेल्या पिरार्द द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने बायंगिणीच्या झरीचं पाणी मडक्यांतून शहरात विकायला येत असल्याचं नोंदवलं आहे. पाणी वाहून आणणारे बहुधा गुलाम. त्या श्रीमंत शहराच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांच्या दिमाखामागे कुणाचे हात होते, हे त्यावरून ओळखावं. पुढे साथींनी ते शहर ओस पडलं, राजधानी हळूहळू पणजीकडे सरकली आणि १८४३ मध्ये पणजीला अधिकृत दर्जा मिळाला. नव्या शहराच्या एका भागाचं नावच फोंताइन्हास, म्हणजे लहान झरी. मळ्याकडे फोंत फेनिक्सची झर आहे. पणजीत 'बोका द व्हाका', गायीच्या मुखातून पाणी येणारी झर. ही नावं आपण रोज घेतो. त्यांच्याजवळ राहणाऱ्यांची तहान, अंघोळ आणि धुणं सारं या पाण्यावर भागत होतं.

आपल्या झरीच्या रचनेत एक शहाणपण आहे, ते कोणत्याही अभियंत्याच्या नकाशाइतकंच पक्कं. डोंगराच्या पायथ्याशी जांभ्या दगडातून पाणी झिरपतं. पहिल्या तोंडाशी फक्त घागर भरायची. तिथून पाणी खालच्या टाकीत, तिथे अंघोळ. त्याच्या खाली धुण्याचे फातर, गुळगुळीत झालेले. त्याहून खाली गुरांना पाणी, आणि शेवटी ते पाणी कुळागराच्या पाटाला किंवा शेताला. एकच पाणी चार-पाच कामांना, आणि प्रत्येक काम आपल्या पायरीवर. वरच्या पायरीवर कुणी साबण लावलाच तर म्हातारी माणसं ओरडत. पाटी लावायची गरज नव्हती.

पण इथेही तोच उलटा न्याय विसरून चालणार नाही. पायऱ्या पाण्याच्या होत्या तशाच माणसांच्याही होत्या. कोणी कोणत्या पायरीवर उतरायचं, कोणाला घागर स्वतः भरता येते आणि कोणी वाट पाहत उभं राहायचं, हेही ठरलेलं होतं. जुन्या झरींविषयी आपण फार हळवे होऊन लिहितो. ज्यांना त्या झरीवर हात लावू दिला नाही त्यांच्या आठवणी त्या लिखाणात नसतात. वारसा सांगायचा तर दोन्ही सांगायला हवं.

मुंबईच्या कुडीत गेलेल्या गोंयकाराने मात्र एक वेगळा अनुभव घेतला. घरी आई-बहिणीने धुतलेले कपडे घालणारा मुलगा तिथे नळावर रांगेत उभा राहून आपले कपडे आपण धुऊ लागला. भिंतीला लागून ट्रंका, मध्ये चटया, एका बाजूला देव्हारा. जहाजावर गेला तेव्हा तर दुसऱ्यांचेही कपडे धुतले. तारवट्यांपैकी कितीतरीजण जहाजावर खानसामा, वेटर, धुलाईवाले होते. धोबीतलावात तलाव उरला नव्हता, तरी धुणं चालूच होतं!

साबण आधी आला

एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८८८. त्या वर्षी लिव्हर बंधूंनी इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ पोर्ट सनलाईट हे आपल्या कामगारांचं गाव वसवायला घेतलं, आणि त्याच वर्षी त्यांच्या सनलाईट साबणाच्या पेट्या कोलकात्याच्या बंदरात उतरल्या. दोन वर्षांनी महालक्ष्मीचा घाट सुरू झाला. म्हणजे ज्या काळात इकडे माणसाच्या हाताने आपटून धुण्याची सर्वांत मोठी वास्तू उभी राहत होती, त्याच काळात तो हात घरोघरी वळवणारी वडी बाजारात आली होती. रिठा, खार, राख यांची जागा वडीने घेतली, वडीची पावडरीने, आणि दगडाची यंत्राने. आज महालक्ष्मीच्या घाटावरही मोठी धुलाईयंत्रं आहेत. तरी दगड अजून ओले आहेत. मधल्या काळात किरण राव यांचा २०११ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट या घाटाचं नाव घेऊन आला, पुनर्विकासाच्या योजना येत-जात राहिल्या, सभोवती टॉवर उभे राहिले. ज्या टॉवरच्या खिडकीतून घाट 'पाहायला छान' दिसतो, त्या टॉवरच्या जमिनीच्या भावानेच घाट एक दिवस जाईल, ही भीती तिथल्या माणसांना आहे.

सगळीकडे असंच होतं असं नाही. फोर्ट कोचीला वेली भागात धोबीखाना आहे. डच काळात सैन्याचे कपडे धुण्यासाठी तमिळ मुलखातून आणलेल्या वण्णार समाजाची माणसं तिथे आजही काम करतात. १९७० च्या दशकात त्यांच्यासाठी पक्क्या भिंतींचे धुण्याचे कप्पे, वाळवायला मोकळं मैदान आणि इस्तरीचं छप्पर बांधलं गेलं. म्हणजे ठरवलं तर धुण्याची जागा नव्यानेही बांधता येते.

स्वच्छतेचा साधू

धुण्याच्या इतिहासात मराठी माणसाने एक नाव विसरता कामा नये. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परटाच्या घरी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. पुढे महाराष्ट्राने त्यांना गाडगेबाबा म्हटलं. कपडे धुणाऱ्या जातीतल्या या माणसाने हातात खराटा घेतला, दिवसा गाव झाडलं आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं धुतली. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी देऊळ बांधलं नाही. धर्मशाळा, घाट, शाळा बांधल्या. त्या धर्मशाळांत पाण्याची, अंघोळीची, धुण्याची सोय असे, कारण परगावाहून आलेल्या गरिबाला पहिली गरज कशाची असते हे त्यांना ठाऊक होतं. सर टायटस सॉल्टने वरून पाहून धुलाईघर बांधलं, गाडगेबाबांनी खालून पाहून धर्मशाळा बांधली. एक तीस वर्षांत बंद पडलं. दुसरीत आजही माणसं उतरतात.

नोंदीत नसलेला वारसा

सरकारी नोकरीत एक सवय लागते. जी गोष्ट रकान्यात बसत नाही ती नाहीच असं मानायची. वारसा वास्तूंच्या याद्यांत देऊळ बसतं, किल्ला बसतो, चर्च, पोर्तुगीजकालीन घर बसतं. धुण्याचा दगड कशात बसवणार? तो ना धार्मिक, ना लष्करी, ना कुणा मान्यवराचा. म्हणून झरीचं 'सुशोभीकरण' होतं तेव्हा आधी तोच उखडला जातो. वर टाईल्स लागतात, रेलिंग लागतं, बाजूला उद्घाटनाची कोनशिला बसते. ज्या दगडावर दोनशे वर्षं गाव धुतलं गेलं त्यावर कुणाचं नाव नसतं, आणि ज्या कोनशिलेवर नावं असतात तिच्यावर कधी थेंबभर काम झालेलं नसतं.

झरींवर पुन्हा कपडे धुवायला जावं, असं मी म्हणत नाही. यंत्राने बाईची कंबर वाचवली, मडवळाच्या पोराला शाळेत पाठवलं, ही गोष्ट मोठीच आहे. पण ज्या जागेने एवढं काम केलं ती जागा पुसून टाकण्याआधी तिचा एक फोटो, एक माप, आणि तिथे धुणं धुतलेल्या एखाद्या आजीची चार वाक्यं एवढं तरी आपण जमा करू शकतो. तुमच्या गावच्या झरीला काय नाव आहे? तिथले धुण्याचे दगड किती होते? कोण कुठल्या बाजूला उतरत असे? हे विचारायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागत नाही. विचारायला फक्त ती आजी हयात असावी लागते.

मुंबईत तलाव गेला आणि निदान धोबीतलाव हे नाव राहिलं. आपल्या बहुतेक झरींवरच्या दगडांना तर नावही नव्हतं.